दातांमागची 'परमनंट' तार: ती खरेच कायमची असते का?

दात सरळ करण्याचा उपचार संपला, बाहेरच्या तारा निघाल्या की डॉक्टर बहुतेक वेळा पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, जिभेकडून, एक बारीक तार चिकटवून देतात. डॉक्टरांच्या भाषेत हा 'बॉन्डेड रिटेनर' किंवा 'फिक्स रिटेनर'. आपल्या घरांत मात्र तिला सर्रास 'परमनंट तार' म्हणतात, आणि या शब्दानेच घात होतो. परमनंट म्हटले की माणूस निर्धास्त होतो. बाहेरून तार दिसत नाही, दुखत नाही, जिभेला तिची सवय होते. वर्ष-दोन वर्षांत ती आहे हेच घरातले विसरून जातात.

ही तार म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, बहुधा दोन-तीन किंवा अधिक पदरांची पिळलेली स्टीलची तार असते. एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत सहा दातांना ती कंपोझिटच्या छोट्या टिकल्यांनी चिकटवलेली असते. दाढेत दाताच्याच रंगाची फिलिंग भरतात ना, तेच हे कंपोझिट. निळा प्रकाश टाकला की ते घट्ट होते. म्हणजे सगळी भिस्त सहा टिकल्यांवर आणि एका तारेवर. रोज तीन वेळचे जेवण, गरम चहा, थंड पाणी, ब्रश, जिभेचा रेटा हे सगळे त्या टिकल्यांवरून जाते. कंपोझिट झिजते, तार थकते. दातांची जुन्या जागी परतण्याची ओढ मात्र झिजत नाही. निम्म्या आयुष्याची वस्तू आपण पूर्ण आयुष्यासाठी बसवतो आणि तिला कायमची म्हणतो.

दात परत का फिरतात?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती आणि हिरडीत बारीक तंतू असतात आणि तेच त्याला धरून ठेवतात. ब्रेसेसने दात सरकतो तेव्हा हे तंतू ताणले जातात. मुळाभोवतीचे तंतू काही महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेतात. हिरडीतल्या तंतूंना मात्र जवळपास वर्षभर लागते, कधी त्याहून जास्त. वाकडा फिरलेला दात सरळ केला असेल तर ओढ आणखी मोठी. म्हणून ब्रेसेस काढल्यानंतरचे पहिले वर्ष सगळ्यात नाजूक.

पण गोष्ट तंतूंवर संपत नाही. वय वाढते तसा खालचा जबडा पुढच्या बाजूला थोडा थोडा आकसत जातो आणि खालचे पटाशीचे दात एकमेकांवर चढू लागतात. ज्यांनी आयुष्यात कधी ब्रेसेस लावल्या नाहीत त्यांचेही हेच होते. घरातल्या पन्नाशीच्या माणसांचे खालचे दात पाहा आणि त्यांच्या लग्नातल्या फोटोशी ताडून पाहा. (अक्कलदाढ ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. संशोधनातून त्याला म्हणावा तसा आधार मिळालेला नाही. केवळ एवढ्याच कारणासाठी कोणी अक्कलदाढ काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.)

अमेरिकेत सिॲटल शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे जुन्या पेशंटांचे दात मोजून ठेवले. 1988 साली त्यांनी 31 जणांची माहिती प्रसिद्ध केली. या सगळ्यांचा उपचार नीट पूर्ण झाला होता आणि रिटेनर थांबवून वीस वर्षे उलटली होती. खालचे पुढचे दात ठीक म्हणावे असे राहिले होते फक्त दहा टक्के लोकांचे. दहातले नऊ जण परत फिरले होते. शिवाय कोणाचे फिरतील आणि कोणाचे नाही, हे आधी सांगता येईल अशी खूणही त्यांना सापडली नाही. तेव्हापासून डॉक्टरांची भाषा बदलली. पूर्वी 'दोन वर्षे रिटेनर लावा' म्हणत, आता 'दात सरळ हवेत तोपर्यंत लावा' म्हणतात.

सोन्याची तार, चांदीची तार

दात तारेने बांधण्याचा विचार नवा नाही, आणि आपल्या वाचकांना तो परका वाटू नये. कुर्तुबाजवळच्या मदीनतुझ्झहरा इथले अबुल कासिम अझ्झहरावी, ज्यांना युरोपने अबुलकासिस म्हणून ओळखले, यांनी साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्या 'अत्तसरीफ' या ग्रंथात हलणारे दात शेजारच्या घट्ट दातांना तारेने कसे विणून बांधावेत हे चित्रासह समजावले आहे. तार कशाची वापरावी यावरही त्यांनी लिहिले आहे. त्यांच्या मते सोने चांगले, कारण चांदी काही दिवसांत हिरवी पडते आणि खराब होते, सोने बदलत नाही. तोंडात बसवलेली वस्तू किती काळ टिकेल, हा प्रश्न त्या थोर शल्यचिकित्सकालाही पडला होता.

आपल्या फिकहमध्येही हा विषय येतो. हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांचे नाक जाहिलियतच्या काळातल्या कुलाबच्या लढाईत गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा अल्लाहचे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे बसवायला सांगितले. ही हदीस अबू दाऊद, तिर्मिझी आणि नसाई या तिन्ही संग्रहांत आहे. अबू दाऊद यांनी तर ती सोन्याने दात बांधण्याच्या प्रकरणाखाली घेतली आहे. हजरत उस्मान (रजि.) यांचे दात सोन्याने बांधलेले होते अशीही रिवायत मुस्नद अहमदमध्ये येते. पुरुषांना सोने मना असताना दातांसाठी ते चालेल का, यावर इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शागिर्द इमाम मुहम्मद यांच्यात मतभेद झाला. इमामसाहेबांनी चांदीपुरती परवानगी दिली, इमाम मुहम्मद यांनी सोन्यालाही हरकत घेतली नाही. आजच्या तारेत सोने नसते, त्यामुळे तो वाद आपल्यापुढे येत नाही. पण दात बांधणे ही गरज आपल्या बुजुर्गांनी ओळखली होती, एवढे यातून दिसते.

दुसरा प्रश्न मुलींच्या आया हमखास विचारतात. हदीसमध्ये सौंदर्यासाठी दातांत फट पाडून घेणाऱ्या स्त्रियांवर लानत आली आहे, मग दात सरळ करणे चालते का? बहुतेक समकालीन उलेमांनी इथे फरक केला आहे. चांगल्या दातांना केवळ नटण्यासाठी छेडणे वेगळे. वाकडे, एकावर एक चढलेले, चावायला किंवा स्वच्छ करायला त्रास देणारे किंवा चेहऱ्याला व्यंग आणणारे दात दुरुस्त करणे हा इलाज आहे. आपल्या मुलीचे नेमके काय आहे हे डॉक्टरांकडून समजून घेऊन मग मुफ्तीसाहेबांना विचारावे. अर्धवट सांगून विचारले तर उत्तरही अर्धवट मिळते.

पूर्वी तार दातांभोवती गुंडाळावी लागे. ती दाताला चिकटवता येऊ लागली ती विसाव्या शतकात. 1955 साली अमेरिकेतल्या मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवले की दाताच्या वरच्या कडक थराला म्हणजे इनॅमलला सौम्य ॲसिड लावले की त्यावर अतिसूक्ष्म खड्डे पडतात आणि त्यांत चिकट पदार्थ घट्ट रुतून बसतो. सत्तरच्या दशकात या युक्तीने दातांमागे तार चिकटवली जाऊ लागली. नॉर्वेतील ऑस्लोचे ब्यॉर्न झाक्रिसन यांनी 1977 मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि पुढे पिळाच्या तारेची पद्धत जगभर रुळली. म्हणजे या तारेचे वय अजून पन्नास-पंचावन्न वर्षांचेच आहे. एकच तार एखाद्याच्या तोंडात संपूर्ण आयुष्य कशी वागते, हे पाहायला तेवढा काळच अजून गेलेला नाही.

तार धोका कशी देते

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे टिकली सुटणे. हे पहिल्या सहा महिन्यांत जास्त घडते. चिकटवताना दात ओला राहिला, लाळ लागली, कंपोझिट कमी पडले, अशी कारणे असतात. वरच्या दातांमागची तार खालच्यापेक्षा लवकर सुटते, कारण तोंड मिटले की खालचे दात नेमके तिथेच आपटतात. म्हणून वरच्या जबड्यात काही डॉक्टर तार लावतच नाहीत, काढ-घाल करता येणारी प्लेट देतात. ते काम टाळत नाहीत, विचार करून ठरवतात.

तार सगळ्या सहा दातांना चिकटवली असेल आणि त्यातल्या मधल्या एकाच दाताची टिकली सुटली तर तार तशीच जागेवर राहते. बाकी पाच टिकल्या तिला धरून असतात. हाताला काही लागत नाही, दुखत नाही. आणि सुटलेला तो एक दात हळूहळू आपल्या जुन्या जागी निघतो. काही ठिकाणी जाड तार फक्त दोन सुळ्यांना चिकटवतात. तिथे टिकली सुटली की तार लगेच हलते, जिभेला टोचते, म्हणजे पेशंटला कळते. पण मधले चार दात कोणी धरलेले नसतात आणि ते थोडे सरकू शकतात. दोन्ही पद्धतींत काही मिळते, काही जाते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. सहाच्या सहा टिकल्या शाबूत, तार अखंड, आणि तरीही दात हलतात. पिळलेली तार काळाच्या ओघात उलगडू पाहते, किंवा कडक काही चावताना ती किंचित वाकते, किंवा चिकटवतानाच ती ताणलेली राहिलेली असते. मग दात धरून ठेवणारी ती तारच दाताला ढकलू लागते. एक दात बाहेर कलतो, त्याच्या शेजारचा आत वळतो. नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथल्या डॉक्टरांनी 2007 साली अशा पेशंटांची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा बऱ्याच तज्ज्ञांचे याकडे लक्ष गेले. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथून 2012 मध्ये आलेली एक नोंद तर अंगावर काटा आणणारी आहे. एका तरुणाच्या खालच्या एका दाताचे मूळ जिभेच्या बाजूने जवळपास पूर्ण हाडाबाहेर आले होते.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. नाइमेखनच्याच गटाने 2011 मध्ये 221 पेशंटांचा हिशेब दिला. तार लावून पाच वर्षे झाल्यावर 90.5 टक्के लोकांचे खालचे दात होते तसेच होते. 9.5 टक्क्यांचे थोडेफार हलले होते. तारेमुळेच दात भलतीकडे वळल्याचे दिसले 2.7 टक्के लोकांत. म्हणजे तार चांगली आहे, दहातल्या नऊ जणांना ती पाच वर्षे तरी साथ देते. पण आपल्या मुलांना पंधराव्या वर्षी तार लागते आणि दात साठ-सत्तर वर्षे वापरायचे असतात. पाच वर्षांचा दाखला आणि सत्तर वर्षांचा भरवसा यांत फार अंतर आहे. तार चांगली की काढ-घाल प्लेट चांगली, याचा निकालही अजून लागलेला नाही. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने ठोस सांगण्याइतका पुरावा नाही असेच म्हटले आहे.

आमच्या ओळखीच्या एका घरातला किस्सा नावे सोडून सांगते. मुलगी आठवीत असताना ब्रेसेस लावल्या, दहावीच्या सुट्टीत काढल्या, मागे तार बसवली. पुढे ती शिकायला बाहेरगावी गेली. पाच-सहा वर्षांनी तिला खालचा एक दात ओठाला लागतोय असे वाटू लागले. अम्मीचे म्हणणे, "तार तर जागेवर आहे, मग दात कसा हलेल?" दात साफ करायला ज्या दवाखान्यात गेली तिथेही तार ओढून पाहिली आणि घट्ट आहे म्हणून परत पाठवले. आणखी वर्ष गेले. शेवटी ब्रेसेस लावणाऱ्या तज्ज्ञांनी, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टनी पाहिले तेव्हा कळले की तारेनेच शेजारशेजारचे दोन दात उलटसुलट फिरवले आहेत. तार कापून काढली, पुन्हा ब्रेसेस लागल्या, आणि निकाहची तारीख ठरलेली होती. तार घट्ट आहे का, हा प्रश्न तिथे सगळ्यांनी विचारला. दात जागेवर आहे का, हे कोणी पाहिले नाही, कारण पाहायला जुना फोटो नव्हता, साचा नव्हता, फाईलही नव्हती.

गोंदियातून नागपूर

आपल्या जिल्ह्यात दातांचे दवाखाने आता तालुक्यापर्यंत पोहोचले आहेत. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण दंत महाविद्यालय म्हटले की नागपूरच गाठावे लागते. तिथले शासकीय दंत महाविद्यालय 1968 पासून आहे आणि तिथे ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. फी खासगीपेक्षा बरीच कमी, रांग मात्र मोठी. गोंदिया ते नागपूर रेल्वेने साधारण 130 किलोमीटर. गोंदियाच्या माणसाला सकाळी जाऊन रात्री परत येता येते. देवरी किंवा सालेकसाच्या माणसाला प्रवास आणखी लांबचा. ब्रेसेस चालू असताना दर महिन्याला हा प्रवास आई-बाप हौसेने करतात, कारण दात सरळ होताना दिसतात. तारा निघाल्या की पाय थांबतात. 'सहा महिन्यांनी दाखवा' हे फाईलवर लिहिलेले असते आणि फाईल कपाटावर जाते. काही दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातून एक-दोन दिवस बाहेरून येतात. ते यायचे थांबले की त्यांच्या पेशंटांनी कुठे जायचे हे कोणी सांगत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, आणि तो स्पष्टच बोलते. बऱ्याच घरांत मुलीचे दात सरळ करण्याची घाई रिश्ता येण्याआधी होते. पाहायला येणाऱ्या बायका रंग, उंची, दात सगळे नजरेने मोजतात. म्हणून हजारो रुपये खर्चून दात सरळ होतात, लग्न होते, मुलगी बालाघाटला, रायपूरला, भिलाईला किंवा मुंबईला जाते. जहेजच्या नावाखाली कपाट जाते, फ्रिज जातो (जायला नको, पण जातो), दातांची फाईल मात्र माहेरी राहते. सासरी कोणाला तार आहे हे माहीत नसते. मग गरोदरपणात हिरड्या सुजतात, तारेभोवती किटण साचते, रक्त येते. तेव्हा ती मुलगी 'माझ्या दातांमागे तार आहे, ती कोणी पाहील का' हे सासूला सांगायला लाजते. फाईल, एक्स-रे, उपचार संपतानाचे फोटो आणि दातांचा साचा मुलीबरोबर जायला हवा. साचा सांभाळणे जमत नसेल तर मोबाईलमध्ये फोटो तरी ठेवावेत आणि शौहरला दाखवून ठेवावेत. यात लपवण्यासारखे काय आहे?

काय खावे, काय दातात धरू नये

कडक वस्तू पुढच्या दातांनी तोडणे हा तारेचा पहिला शत्रू. ऊस सोलणे, कच्चा पेरू, भाजलेले कणीस, चिक्की, शरबतमधला बर्फ, खजुराची बी, बकरी ईदला नळी ओरबाडणे. हे सगळे बंद करायचे नाही. चाकूने कापून बाजूच्या दातांनी खायचे. खर्रा खाणाऱ्यांबद्दल वेगळे सांगायला नको. त्यातली सुपारी टिकली उडवते, आणि तंबाखू पुढे काय करते ते आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. दहावी-बारावीतली मुले खर्रा खाताना दिसतात आणि त्यांच्यातल्या काहींच्या दातांना बापाने कर्ज काढून लावलेल्या तारा असतात, हे पाहून जीव तुटतो.

मुलींमध्ये एक सवय फार आहे. हिजाब नीट करताना पिन दातांत धरायची, सेफ्टी पिन दातांनी उघडायची, शिवताना दोरा दातांनी तोडायचा. ही सवय एका दिवसात सोडता येते.

मिस्वाकची सुन्नत आपल्याकडे अल्हम्दुलिल्लाह जिवंत आहे. पण मिस्वाक दाताच्या बाहेरच्या बाजूला जितकी सहज फिरते तितकी जिभेकडच्या बाजूला, तारेखाली फिरत नाही. तारेच्या खाली, हिरडीच्या कडेला पांढरट-पिवळे किटण दगडासारखे बसते. खालच्या पुढच्या दातांमागे लाळेच्या ग्रंथींची तोंडे असतात, त्यामुळे तिथे ते सर्वांत लवकर जमते. किटणामुळे हिरडी मागे सरकते आणि मग तार मजबूत असूनही दात कमकुवत होतो. तारेखालून जाणारा बारीक ब्रश मेडिकलमध्ये मिळतो. दोन दातांच्या फटीत फिरवायचा तो छोटा ब्रश. किंवा प्लास्टिकच्या सुईत दोरा ओवून तारेखालून काढायचा. रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे पुरतात. वर्षातून एकदा-दोनदा डॉक्टरांकडून साफ करून घ्यावे. मशीनने साफ करताना टिकल्या जपायला लागतात, म्हणून तार आहे हे आधीच सांगावे.

विदर्भात चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. अशा पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात. त्या इनॅमलवर ॲसिड नीट काम करत नाही आणि टिकली लवकर सुटू शकते. तुमच्या मुलाच्या दातांवर तसे डाग असतील तर तार बसवण्यापूर्वी डॉक्टरांशी याबद्दल बोलून घ्या.

गुस्ल, रोजा आणि एमआरआय

हनफी मतानुसार गुस्लमध्ये चूळ भरणे फर्ज आहे, म्हणून तारेच्या टिकलीखाली पाणी पोहोचत नाही त्याचे काय, ही शंका रास्त आहे. उलेमांचे सर्वसाधारण म्हणणे असे की इलाजासाठी पक्की चिकटवलेली आणि सहज न निघणारी वस्तू, जशी दाताची फिलिंग, गुस्लच्या आड येत नाही. काढता येणारी प्लेट मात्र गुस्लच्या वेळी काढावी. आपल्या मसलकचा मसला आपल्या आलिमसाहेबांकडून पक्का करून घ्यावा. रोजात टिकली सुटली आणि टोक गालाला लागत असेल तर इफ्तारनंतरची वेळ मागावी. पाण्याचा फवारा आणि ॲसिड धुणे यात घशाखाली काही जाण्याची भीती असते, म्हणून अगदी तातडीचे नसेल तर रोज्याच्या वेळी ते काम काढू नये.

डोके किंवा चेहऱ्याचा एमआरआय सांगितला तर तार असल्याचे तंत्रज्ञाला सांगायचे. साधारणपणे धोका नसतो, पण स्टीलमुळे तोंडाजवळची चित्रे धूसर येऊ शकतात आणि कधी तार काढून घ्यावी लागते. तशी वेळ आली तर तार काढण्यापूर्वीच प्लेटची सोय करून ठेवावी, नाहीतर एमआरआयचा निकाल येईपर्यंत दात निघालेले असतात.

घरी काय पाहायचे

महिन्यातून एकदा, जुमाचा दिवस लक्षात ठेवायला सोपा, मुलाला खिडकीजवळ बसवा. मोबाईलची टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. सहा टिकल्या मोजा. एखादी गळाली का, तिच्या कडेला काळी रेघ दिसते का, तारेचे टोक वर आले का ते पाहा. मग समोरून आणि खालून एकेक फोटो काढा आणि मागच्या महिन्याच्या फोटोशेजारी ठेवा. तार पाहण्यापेक्षा दातांच्या कडांची रेघ पाहणे महत्त्वाचे. एखादा दात इतरांपेक्षा पुढे, आत किंवा वर दिसू लागला, नवी फट आली, किंवा पूर्वी न लागणारा दात आता ओठाला लागतो असे मूल म्हणाले, तर तार घट्ट असली तरी थांबू नका.

टिकली सुटली असेल तर त्याच आठवड्यात जवळच्या दंतवैद्याकडे जा. पुन्हा चिकटवणे हे तसे साधे काम आहे, त्यासाठी नागपूरच हवे असे नाही. मात्र दात आधीच हलला असेल तर नुसती टिकली लावून घेऊ नका, कारण मग तो वाकडाच पक्का होतो. त्या वेळी ऑर्थोडॉन्टिस्ट हवेत. तारेचे टोक टोचत असेल तर नेलकटरने कापू नका आणि ओढूही नका. तुकडा घशात जाऊ शकतो. डॉक्टरांकडे जाईपर्यंत ब्रेसेसचे मेण लावून ठेवा.

ज्यांचा उपचार अजून सुरू व्हायचा आहे त्यांनी पैसे ठरवतानाच विचारून घ्यावे: शेवटची तार आणि प्लेट या रकमेत धरली आहे का? टिकली सुटली तर किती दिवस मोफत लावून देणार? डॉक्टर बदलले किंवा दवाखाना बंद झाला तर फाईल कोण देणार? माझे स्वतःचे मत असे की तारेबरोबर एक काढ-घाल प्लेटही घ्यावी. पारदर्शक प्लास्टिकची, रात्री घालायची. तार असताना ती आठवड्यातून काही रात्री घातली तरी चालते, किती ते डॉक्टर सांगतील. तिचा खरा उपयोग वेगळाच आहे. एखाद्या रात्री ती दाताला घट्ट बसली किंवा एका दातावर टेकून राहिली, तर समजावे की तो दात हलला आहे. तारेने जे लपवले ते प्लेटने सांगितले. ती गरम पाण्यात धुवू नये, वाकडी होते. रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवू नये, कारण तशा कितीतरी प्लेटा धोब्याच्या गाठोड्यातून जातात. डबी सोबत मिळतेच, तिच्यावर नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा.